वैरणीचा भारा

कराड-वाळवा भागातल्या बायका कंबरदुखी घेऊन येतात, तेव्हा आधी एमआरआयचा लिफाफा टेबलावर येतो. "मणक्यात ग्याप हाय मॅडम, वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय." पहाटे म्हशीखाली बसायचं, शेण काढायचं, वैरण आणायची, त्या घरात वाकायचं नाही म्हणजे करायचं काय? फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं काम या भीतीपासून सुरू होतं.

पायातली ताकद, बधिरपणा, लघवीवरचा ताबा, ताप, पडझड हे सगळं आधी नीट तपासते. तिथे काही निघालं नाही, की रिपोर्ट बाजूला ठेवते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे 60 टक्के जणांची मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली होती. मी आकडा सांगत नाही. "तुमच्या सासूबाई ठणठणीत आहेत ना? त्यांचा फोटो काढला तर त्यातही हे दिसू शकेल," म्हणते. चेहरा तिथे सैल होतो.

अवघड पुढेच आहे. बरं वाटलं की उसातली भांगलण एका दमात उरकायची, मग दोन दिवस अंथरूण धरायचं, ही खोड मोडायची. "कितव्या सरीला कळ येते?" विचारलं तर उत्तर तयार असतं, "तिसऱ्या." मग दुसरी सरी संपली की खुरपं ठेवायचं, उभं राहून कमरेवर हात, मागं झुकायचं, बांधापर्यंत चालून पाणी प्यायचं. वैरणीचा भारा निम्मा, खेपा दोन. वाढवायचं कधी, ते तिनंच ठरवायचं. बांधावर मी नसते. मला इथे गप्प बसणं शिकावं लागलं.

दीर्घकाळच्या कंबरदुखीत कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. पट्टा नाही तर निदान "करंट लावा" हा आग्रह असतोच. शेकायला माझी ना नाही, शेकून पडून राहायला आहे.

कंबर पुन्हा धरतेच. त्या दिवशी काय करायचं, ते मी तिच्याकडूनच लिहून घेते. एकीनं सांगितलं, "गुडघं पोटाशी घ्यायचं, शेकायचं, घरातल्या घरात हिंडायचं, आन वैरण पोरगा आणंल." पोरगा शेजारीच मोबाइल बघत बसला होता. त्या कागदावर शेवटची ओळ मी ठळक केली.

ऊसतोडीच्या हंगामात येणाऱ्या तोडणी मजूर बायकांपुढे मात्र माझा हा हिशेब थिटा पडतो. मुकादमाकडून उचल घेतलेली, मजुरी टनावर, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. "मोळी लहान बांधा" म्हटलं तर खेपा वाढतात आणि गाडी थांबत नाही. त्यांना मी गाडीची वाट बघण्याच्या वेळात करायच्या हालचाली शिकवते. मोळीचं वजन आणि भरणीची घाई यांचा प्रश्न कारखान्यांनी सोडवायचा आहे, आणि तो त्यांच्यापुढे आम्ही फिजिओथेरपिस्टांनीच मांडायला हवा.