दिसणारी गाठ, स्रवणारी ग्रंथी

प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझमच्या रुग्णाला ॲड्रिनलच्या शिरेतलं रक्त तपासायला पाठवणं हा मला बरीच वर्षं नुसता अट्टहास वाटायचा. रक्तदाब औषधांना दाद देत नाही, पोटॅशियम उतरलंय, अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन दबलेलं. वर सीटी स्कॅनमध्ये एका ॲड्रिनलवर गाठ स्वच्छ दिसतेय. मग आणखी काय शोधायचं? सर्जनला चिठ्ठी द्यावी, ग्रंथी काढावी, रुग्ण मोकळा. आज मी अशी चिठ्ठी लगेच देत नाही. का, ते मोकळेपणानं सांगावंसं वाटतं.

सीटीवरचा माझा भरवसा उगाच नव्हता. मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांनी 1954 मध्ये या आजाराची पहिली रुग्ण ओळखली, तेव्हा सीटी नव्हताच. गाठ उजवीकडे आहे हे सर्जनला कळलं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर. त्या काळाच्या मानानं आजचा स्कॅन वरदानच आहे.

पण स्कॅनमध्ये ग्रंथीचा आकार दिसतो, तिचं काम दिसत नाही. वय वाढलं की डोक्यात पांढरे केस यावेत तशा ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी येतात. उलट अल्डोस्टेरॉन ओतणारी गाठ काही मिलिमीटरचीच असली तर स्कॅनमधून निसटते. कधी दोन्ही ग्रंथी दोषी असतात. तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षा स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषधच बरं.

हे सगळं ठाऊक होतं, पण मनाला भिडलं ते मेयो क्लिनिकच्या 2004 मधल्या अभ्यासानं. त्यांनी 194 रुग्णांचे सीटी आणि शिरेतले नमुने ताडून पाहिले. फक्त सीटीवर विसंबलं असतं, तर 42 जण शस्त्रक्रियेला मुकले असते आणि 48 जणांची ग्रंथी गरज नसताना किंवा चुकीच्या बाजूची निघाली असती. म्हणजे जवळजवळ निम्मे रुग्ण! काढलेली ग्रंथी परत बसवता येत नाही. तेव्हापासून मला ही तपासणी अट्टहास वाटेनाशी झाली.

तिची खरी करामत आकडे मांडताना कळते. कॅथेटर जांघेतल्या शिरेतून वर नेतात. डावी ॲड्रिनल शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, ती सहसा सापडते. उजवी आखूड आणि बारीक, थेट अधोमहाशिरेत उघडणारी. तिथे रेडिऑलॉजिस्टचा कस लागतो. नमुन्यात महाशिरेचं रक्त मिसळतं आणि तो पातळ होतो. म्हणून सोबत कॉर्टिसॉल मोजतात, कारण ते एरवी दोन्ही ग्रंथींतून सारखंच येतं. समजा डावीकडे अल्डोस्टेरॉन 3,000 आणि कॉर्टिसॉल 1,500, तर उजवीकडे 2,400 आणि 200. वरवर पाहता डावी बाजू दोषी वाटते. भागाकार केला की डावीकडे 2 येतात आणि उजवीकडे 12. उजवी ग्रंथी सहापट पुढे! एसीटीएच देऊन घेतलेल्या नमुन्यांत चारपटीहून जास्त फरक असला, की दोष एकाच बाजूचा मानतात.

या मतालाही 2016 मध्ये धक्का बसला. स्पार्टाकस या युरोपीय चाचणीत 200 रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार सीटीवरून ठरवले, निम्म्यांचे शिरेतल्या नमुन्यांवरून. वर्षभरानंतर रक्तदाबाच्या औषधांच्या गरजेत लक्षणीय फरक नव्हता. तो निष्कर्ष मी बाजूला सारला नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतरही अल्डोस्टेरॉन वाढलेलंच राहिलं, असे रुग्ण सीटीच्या गटात 46 पैकी 9 होते आणि दुसऱ्या गटात 46 पैकी 5. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. तरी मला त्याकडे काणाडोळा करवत नाही.

त्या चाचणीनं मला एक गोष्ट नक्की शिकवली: तपासणीचा आग्रह सरसकट नसावा. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम आपोआप घसरलेलं, अल्डोस्टेरॉन भरपूर वाढलेलं, एकाच बाजूला ठळक गाठ आणि दुसरी ग्रंथी निर्दोष, अशा वेळी थेट शस्त्रक्रिया करायला मार्गदर्शक तत्त्वांचीही हरकत नाही. आणि जिथे उजवी शीर क्वचितच हाती लागते, तिथे रुग्णाला हा त्रास देण्यात अर्थ नाही. सराव असलेल्या केंद्रातच पाठवावं.

पुढे कदाचित कॅथेटरची गरजही कमी होईल. मेटोमिडेट वापरून केलेलं पेट स्कॅन शिरेतल्या नमुन्यांच्या तोडीचं असल्याचं 2023 मध्ये ब्रिटनमधल्या मॅच अभ्यासानं दाखवलं. अडचण अशी, की त्यातल्या कार्बन-11 चं अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटं, त्यामुळे सायक्लोट्रॉन जवळच लागतो.

तोवर रुग्णाला मी सांगतो, ‘गाठ दिसली आहे. हार्मोन तिथूनच येतंय का, हे आधी पाहू. आणि ही तपासणी चांगली कुठे होते, ते शोधून देणं माझं काम.’ यात काही आठवडे जास्त जातात. ते गेले तरी चालतील, असं आता मला मनापासून वाटतं.