दिवाणाखालची तालीम

घरात लोखंड आणायचं म्हटलं की आधी टेप काढावी लागते. ऑलिंपिक मापाचा दांडा २.२ मीटर लांब, म्हणजे सात फुटांच्या थोडा वर. दहा बाय दहाच्या खोलीत तो मावतो; पण टोकाला चकती चढवणारा माणूसही मावायला हवा, आणि तिथं आधीपासून गव्हाचं पिंप, पाहुण्यांच्या गाद्या आणि आईचं शिलाई मशिन ठाण मांडून होतं. मशिन सोडून सगळं हललं. मशिन हलणार नव्हतंच.

मग आईची शंका : "अरे, स्लॅब खाली येईल." राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, हे तिला सांगून उपयोग नव्हता. भाराची भीती फारशी नसतेच, आदळण्याची असते. टाइल तडकते, खालच्या काकांची दुपारची झोप मोडते. म्हणून जाड रबर. जिमच्या नावानं विकतात ते महाग. गोठ्यात म्हशींच्या पायाखाली घालतात त्या मॅटवरही काम भागतं. काही दिवस खोलीला नव्या टायरचा वास येतो, तो सोसायचा.

खरेदीत माझं मत पक्कं आहे. आरसा, पुली, पायाने चालवायची यंत्रं, सगळं नंतर. दांडा, चकत्या आणि आडवे आधार असलेला रॅक आधी. ते आधार विसरू नयेत. बेंचवर उताणं पडून दांडा छातीवर अडकला, तर घरी "भाऊ, जरा हात लाव" म्हणायला कुणी नसतं. चकत्या दिवाणाखाली जातात. पावसाळ्यात दांड्याच्या खरबरीत पट्ट्यांत गंज धरू लागतो. ब्रशनं झाडून तेलाचं बोट फिरवलं की निभावतं. तेल शिलाई मशिनचंच, त्यामुळे ते हललं नाही हे बरंच झालं.

घरात व्यायामाची वस्तू असणं आपल्याकडे नवं नाही. माजघराच्या कोपऱ्यात मुद्गलांची जोडी उभी असायची, अंगणात जोर-बैठका चालायच्या. दत्तात्रेय मुजुमदारांनी तर बडोद्याहून व्यायामावर दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश काढला. पण जोर-बैठकांत वाढते ती मोजणी. पन्नासाचे शंभर होतात, अंगाचं वजन तेच. दांड्यावर भारच वाढवता येतो : दोन्ही बाजूंना सव्वा किलोची चकती, म्हणजे अडीच किलो. एवढ्याशा वाढीला हसू येतं, पण डोक्यावर दांडा लोटताना हे अडीच किलो महिनोन्‌महिने दाद देत नाहीत. ग्रीक मल्ल मायलो रोज तेच वासरू उचलत गेला आणि वासराचा बैल झाला, अशी कथा सांगतात. तिथं वाढीचा वेग वासरू ठरवतं. मला चकत्या बऱ्या वाटतात, त्या थांबतात.

आणि खरं वजन उचलणारं माणूस या घरात आधीपासून होतंच. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास भरतो. दारापासून ओट्यापर्यंत तो टेकवत-फिरवत नेणं, भरल्या बादल्या, गाद्या उलटणं, पिंप सरकवणं हे आईनं आयुष्यभर केलं. त्याला कुणी तालीम म्हटलं नाही. गंमत अशी, की घरातली ही वजनं कधी कमी होत नाहीत. वय वाढतं, स्नायू झिजतात, सिलिंडर तेवढाच राहतो. दांडा मात्र आज जेवढं झेपतं तिथून सुरू होतो.

आई लाकडी काठीपासून सुरू झाली, मग बायकांसाठीच्या पंधरा किलोच्या दांड्यापर्यंत आली. पाठ सरळ, दांडा पायाला घासून वर. जमिनीवरून उठताना ती आता टेबलाचा पाय धरत नाही. हे तिनं स्वतः सांगितलं नाही, माझ्या लक्षात आलं. पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीला मात्र तिचा सक्त नकार आहे. "रोज लादी मी पुसते," म्हणाली, आणि पदराला हात पुसून पुन्हा दांड्यापाशी वाकली. "लाव ती सव्वाची. दोन्हीकडे लाव, एकीकडेच नको."