मूळ आणि कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. रविवारी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ऑर्किडांपाशी उभी होते, तेव्हापासून ही म्हण डोक्यातून जात नाही.

ऑर्किडचं मूळ शोधावंच लागत नाही. माती नाहीच, लाकडी जाळीत कोळशाचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि त्यांतून बाहेर लोंबणारी राखाडी मुळं. पाणी पडलं की ती बघता बघता हिरवी होतात. आणि कूळ? तेही उघडंच. 1856 मध्ये इंग्लंडात जॉन डॉमिनीने हातांनी केलेला पहिला संकर फुलला. 1906 मध्ये सँडर यांनी संकरांची यादी छापली, पुढे ते काम रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे गेलं. नोंदवलेल्या प्रत्येक संकराचे आईबाप तिथे सापडतात. पिढ्यान्‌पिढ्या मागे जात थेट रानातल्या फुलाशी पोचता येतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

‘आडनाव काय म्हणालात?’ हा प्रश्न मात्र आपल्याकडे किती मऊ आवाजात विचारतात!

म्हणीचा पहिला अर्धा भाग आपण कधी पाळलाच नाही. जुन्या महाबळेश्वराला लोक कृष्णेचं मूळ बघायलाच जातात, गोमुखाखाली ओंजळ धरतात. पाळला तो दुसरा अर्धा. व्यासांची आई कोळ्याच्या घरात वाढली, ते विचारू नका. ज्ञान घ्या, पुढे चला. लहानपणी मला यात फार मोठं मन दिसायचं. आता वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसतं, तर शोधू नये असं कुणी कशाला म्हटलं असतं? ही म्हण ऋषीला जपते, की त्याच्या आईला झाकते?

व्हॅनिलाही ऑर्किडच. मेक्सिकोतून हा वेल हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेला, तिथे फुलला, पण शेंगा धरेनात. परागण करणारी मेक्सिकोतली माशी तिथे नव्हती. 1841 मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. शेंग धरली. आजही लागवडीतल्या व्हॅनिलाचं परागण बहुतेक ठिकाणी असंच हातांनी होतं, तेही फूल उमलतं त्याच दिवशी. एडमंडची आई त्याला जन्म देताना गेली होती. त्याला आडनाव नव्हतं. 1848 मध्ये गुलामी संपली तेव्हा ‘आल्बियस’ हे आडनाव मिळालं. पैसा मिळाला नाही. 1880 मध्ये तो गरिबीतच वारला.

मधल्या काळात रिशार नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने ही युक्ती आपणच शिकवली असं सांगितलं होतं. ज्यांनी या शोधाचं मूळ खोदून काढलं, त्यांच्यामुळे एडमंड आपल्याला माहीत आहे. नदीच्या आणि ऋषीच्या न्यायाने गप्प बसले असते, तर तो पुसला गेला असता. मग शोधावं. शोधलंच पाहिजे, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

पण मग आडनाव विचारणाऱ्या त्या मऊ आवाजात वाईट काय आहे? वरवर पाहता तोही मूळच शोधतो. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर सगळं ठरतं म्हणावं, तर एडमंडच्या बाजूने पत्र लिहून साक्ष देणारा बेलिए-बोमाँ आठवतो. त्यानेच या मुलाला बागेत सोबत फिरवून झाडं ओळखायला शिकवलं. त्याची माया खरी असावी असं मला वाटतं. आणि तोच त्याचा मालक होता. शोध लागला त्या दिवशी मुलगा त्याच्या मालमत्तेत मोजला जात होता. हे मन मी कुठल्या पारड्यात टाकू?