रंग लपवायचा की चेहरा खुलवायचा?

आमच्या घरात कोणाचाही फॉर्म भरायचा असला की तो आमच्याकडे येतो. रेशनकार्डाचा असो, जातीच्या दाखल्याचा असो की कॉलेजच्या प्रवेशाचा. आम्ही बी.कॉम. झालेलो, त्यात वीस वर्षे कारकुनी केलेली. रकाने भरण्यात आमचा हात धरणारा घरात दुसरा कोणी नाही. भाचीच्या लग्नाचा बायोडाटा करायची वेळ आली तेव्हा ताईने तोही कागद आमच्याच पुढे ठेवला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, सगळे भराभर लिहून झाले. मग 'वर्ण' हा रकाना आला आणि पेन थांबले.

भाची काळी आहे. आमच्यासारखी, ताईसारखी, आमच्या आईसारखी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, स्वतःच्या पगारावर धाकट्या भावाची फी भरते. पण त्या रकान्यात यातले काही मावत नव्हते. 'वर्ण' या शब्दावर आम्ही शिबिरांतून तास तासभर बोललो आहोत. त्या दिवशी मात्र आम्ही मान खाली घालून लिहिले, 'गव्हाळ'.

एक खोटी नोंद केली की ती जुळवायला दुसरी करावी लागते, हे हिशेब लिहिणाऱ्याला सांगायला नको. कागदावर गव्हाळ, तर फोटोही गव्हाळच हवा. आम्ही भाचीला स्टुडिओत घेऊन गेलो. तिथे मेकअपचीही सोय होती. आम्हीच सांगितले, "जरा उजळ दिसू द्या हो." बाईंनी हाताशी असलेले फाउंडेशन थापले, वर पावडर मारली. फोटोग्राफरने दोन फ्लॅश टाकले आणि कॉम्प्युटरवर उरलेसुरले काम केले. फोटो आला तो असा, की चेहरा राखेचा आणि कान, मान, हात आमच्या पोरीचे. आम्ही म्हणालो, "छान आला."

पुढच्या महिन्यात पाहुणे आले. मुलाच्या आत्याने मोबाइलमधला फोटो पाहिला, चहाचा ट्रे घेऊन आलेल्या भाचीकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. "फोटो जुना आहे का?" एवढेच विचारले त्यांनी. वाईट बोलल्या असेही नाही. पण घरातला आवाज गेला. पाहुणे गेल्यावर भाचीने कपबशा विसळल्या, हात पुसले आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तू सभेत बोलतेस ना, आपल्याला आपली लाज वाटता कामा नये म्हणून? ते मग कोणासाठी असतं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही कपाटातून आमच्याच लग्नाचा अल्बम काढला. 2004 साल, रोलचा कॅमेरा. अंगावर पांढरी साडी, बाजूला आमचे मालक. आमचा चेहरा पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा, आणि हार धरलेले हात मात्र आमचेच. आमच्या आईने तेव्हा अल्बम पाहून विचारले होते, "ह्यात तू कुठली?" आम्ही सारे हसलो होतो. वीस वर्षांनी आम्ही तेच पुन्हा पोरीच्या वाट्याला आणले होते.

वाचक भगिनींनो, मेकअप करूच नये असे सांगायला आम्ही हे लिहीत नाही. लग्नात नटावेसे वाटणे यात गैर काही नाही. आमच्या आया-आज्यांना धड लुगडे मिळायची मारामार होती. आज आपल्या मुली स्वतःच्या कमाईतून नटतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण फाउंडेशन कशासाठी आहे हेच आम्हाला माहीत नव्हते. ते गोरे करण्यासाठी नसते. चेहऱ्यावर कुठे डाग, कुठे काळसरपणा, कुठे लाली असते ती एकसारखी दिसावी एवढेच त्याचे काम. म्हणजे योग्य फाउंडेशन ते, जे लावले आहे हे कळत नाही.

हे आम्हाला शिकवले आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने. ती ब्युटिशियनचा कोर्स करून घरोघरी नवरीचा मेकअप करायला जाते. एका रविवारी तिला बोलावले. तिने आधी पेटी उघडलीच नाही. भाचीला साध्या फेसवॉशने तोंड धुवायला लावले आणि तासभर काही न लावता बसवले. मग चेहऱ्याला पातळ कागदी रुमाल टेकवला. कपाळ आणि नाकावर तेलाचा डाग उमटला, गाल कोरडे. म्हणजे त्वचा मिश्र. चारी बाजूंना तेल उमटले तर तेलकट, कुठेच नाही आणि कातडी ओढल्यासारखी वाटली तर कोरडी. काहीही लावले की खाज सुटते, लाल होते, ती नाजूक.

तेलकट त्वचेला तेल नसलेले, मॅट फाउंडेशन घ्यावे. तेही पातळ लावावे. घाम येतो म्हणून थरावर थर चढवले तर दुपारपर्यंत ते फुटते. कोरड्या त्वचेला आधी मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे, मग क्रीमसारखे किंवा ओलसर फाउंडेशन लावावे. तिथे पावडर जास्त झाली की डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला भेगा दिसतात. मिश्र त्वचेला पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. नाजूक त्वचेला बिनवासाचे घ्यावे आणि लग्नाच्या निदान आठवडाभर आधी कानामागे थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. लग्नाच्या सकाळी नवी बाटली फोडायची नाही, हा तिचा पहिला नियम.

मग शेडचा प्रश्न. आपण दुकानात हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहतो. ती म्हणाली, "मावशी, हाताचा रंग वेगळा, तोंडाचा वेगळा. हातावर काय बघता?" तिने भाचीला खिडकीजवळ उजेडात बसवले आणि जबड्याच्या कडेवर, गाल जिथे मानेला मिळतो तिथे, तीन शेडच्या तीन रेघा ओढल्या. दहा-पंधरा मिनिटे थांबवले, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. दोन रेघा दिसत राहिल्या, तिसरी कुठे गेली ते कळेना. तीच खरी शेड. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे समजत नाही. लावून बाहेर रस्त्यावर यायचे, छोट्या आरशात पाहायचे, मग पैसे द्यायचे.

नुसते फिके-गडद पाहूनही भागत नाही. कोणाच्या रंगात पिवळसर झाक असते, कोणाच्या तांबूस, कोणाच्या दोन्हींच्या मधली. मनगटाच्या शिरा पाहून झाक ओळखा असे सांगतात, पण आपल्या गडद कातडीत शिरा धड दिसतच नाहीत. रेघांची परीक्षा जास्त खात्रीची. आणखी एक गोष्ट. गडद रंगाच्या बहुतेक जणींचे कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा काळा असतो. तो दोष नव्हे. पण अख्ख्या तोंडाला गालाची शेड लावली की कपाळ राखाडी दिसते. यावर उपाय म्हणजे जवळजवळच्या दोन शेड घेऊन तळहाताच्या मागे मिसळायच्या आणि जागेप्रमाणे लावायच्या. भाचीसाठी तिने तेच केले.

आम्ही विचारले, "मग स्टुडिओवालीने असं का नाही केलं?" ती म्हणाली, "तिच्याकडे ती शेडच नसेल. आम्हालाही आधी मिळत नव्हती." हे खरे आहे. कितीतरी वर्षे दुकानात गोऱ्या रंगाच्या पाच-सहा आणि गडद रंगाची एखादीच बाटली असे. 2017 मध्ये रिहाना या गायिकेच्या कंपनीने एकदम 40 शेड बाजारात आणल्या, त्यांत गडद शेड भरपूर होत्या. त्या चांगल्या खपल्या, तेव्हा इतर कंपन्यांनाही काळ्या बायका गिऱ्हाईक असतात हे दिसले.

कॅमेऱ्याचीही हीच कथा. रंगीत रोलच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचे कार्ड देई. 1950 च्या दशकापासून त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर आली म्हणजे यंत्र बरोबर. मग काळी माणसे त्या यंत्रातून डोळे आणि दात एवढीच उमटत. तपकिरी रंग नीट येत नाही अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांनीही केली, तेव्हा फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे यायला 1990 चे दशक उजाडले. आता रोल गेले, पण मोबाइलमधला 'ब्युटी' फिल्टर न विचारता चेहरा पांढरा करतोच. फोटो काढण्याआधी तो बंद करावा.

आपल्या लग्नात साडी पांढरी असते, म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट कळायला हवी. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो. समोर भरपूर पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग फोटोग्राफर चेहरा कॉम्प्युटरवर घासून पांढरा करतो. त्याला आधीच सांगावे, "भाऊ, उजेड चेहऱ्यावर मोजा, साडीवर नको." तोंडावर सरळ फ्लॅश मारण्यापेक्षा खिडकीचा किंवा मंडपाच्या कडेचा मऊ उजेड चांगला. फ्लॅश वापरायचाच तर मेकअपही त्याला चालणारा हवा. उन्हापासून बचाव करणाऱ्या काही फाउंडेशनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते, काही बारीक पांढऱ्या पावडरींत सिलिका असते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरे डाग चमकतात. दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन जरूर लावावे. रात्रीच्या रिसेप्शनच्या फोटोसाठी मात्र आदल्या दिवशी मेकअप करून फ्लॅशचा एक फोटो काढून पाहावा. खर्च काहीच नाही, मनस्ताप वाचतो.

एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. लग्न ठरले की मुली गोरे होण्याचे क्रीम शोधू लागतात. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव 2020 मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले, पण बाजारातली हाव गेली नाही. नाव-पत्ता नसलेल्या डब्यांत पारा असू शकतो. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला मनाई आहे, तरी 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे रोगी झालेले लोक डॉक्टरांना सापडले. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, पुढे कातडी पातळ होते, पुरळ येते, केस उगवतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय असले काही लावू नका. पार्लरमध्ये एकीचा स्पंज दुसरीला लावत असतील तर आपला स्पंज घरून न्या. यात लाजण्यासारखे काही नाही.

त्या रविवारी आम्ही भाचीचा फोटो घरच्याच खिडकीत काढला. मग बायोडाटा नव्याने लिहिला. आम्ही 'वर्ण'पुढे 'काळा' लिहायला निघालो, तर भाचीने कागद ओढून घेतला आणि तो रकानाच खोडला. "हे कोणी विचारायचंच कशाला?" म्हणाली. त्यानंतर दोन स्थळे आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ताई रात्री रडायची आणि आमच्यावर चिडायची. तिसरे आले ते त्याच फोटोवरून आले, आणि दारात भाचीला पाहून कोणी पुन्हा मोबाइल काढला नाही.

लग्नाच्या सकाळी नात्यातली एक बाई खोलीत येऊन सवयीने म्हणालीच, "अगं, थोडं उजळ करा की तिला." आम्ही बोलण्याआधीच ताई उठली. "माझी पोर आहे तशी दिसू द्या," म्हणाली आणि दार लावून घेतले.

परवा ताईच्या घरी गेलो. भिंतीवर भाचीच्या लग्नाचा फोटो लावला आहे. पांढऱ्या साडीतली काळी, हसरी पोर. चेहरा, मान, हात सगळे एकाच मुलीचे. शेजारी आमच्या आईचा जुना फोटो आहे. आई आज असती तर तिला विचारावे लागले नसते, ह्यात तू कुठली म्हणून.

तुमच्या घरीही बायोडाटा लिहायला कोणी बसले असेल. तो रकाना आला की पेन थांबवा, आणि भरण्याआधी ज्या मुलीचा कागद आहे तिला विचारा.