बॅग भरताना राहून जाणारी गोष्ट

मागच्या महिन्यात माझा भाचा कतारला गेला. दारव्हा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या ताईचा हा एकुलता एक मुलगा. आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केलेला, वय सव्वीस, लग्नाला दोन वर्षे झालेली, पाळण्यात सहा महिन्यांची मुलगी. दोन एकर कोरडवाहू कपाशीवर घर कसे चालते, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. म्हणून पोराने दोन वर्षांचा करार केला.

निघायच्या आधी ताईने जवसाची चटणी, तिखट आणि बाबासाहेबांचा लहानसा फोटो बॅगेत ठेवला. वस्तीतल्या प्रत्येकाने काही ना काही सल्ला दिला. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेव, पैसे वेळेवर पाठव, दारूच्या नादी लागू नको. पण दोन वर्षे बायकोपासून दूर राहणाऱ्या तरुण मुलाला जे सांगायला पाहिजे होते, ते कोणीच बोलले नाही. मीसुद्धा तीन दिवस गप्पच होतो. मी मामा, तो भाचा, अशा गोष्टी कशा बोलायच्या, ही लाज आडवी येत होती.

त्या तीन दिवसांत मला आमच्या लहानपणच्या शेजारच्या काकांची आठवण येत राहिली. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ते ट्रक चालवायचे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आजारी पडून घरी आले आणि वर्षभरात गेले. मग काकू आजारी पडल्या. त्या कधी गाव सोडून कुठे गेल्या नव्हत्या, तरी बोट त्यांच्याकडेच दाखवले गेले. त्यांचा कप आणि ताट वेगळे ठेवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वेगळ्या भांड्यातून पाणी मिळाले, त्या आपल्याच वस्तीत हे घडले. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो, मोर्चात घोषणा देत होतो, पण त्या कपाबद्दल तोंड उघडले नाही. ती खंत आजही जात नाही.

चौथ्या दिवशी मी भाच्याला घेऊन एसटी स्टँडवर चहाला गेलो आणि विषय काढला. तो लाजून म्हणाला, "मामा, मले काय लहान लेकरू समजता काय?" मी म्हणालो, "लहान नाहीस म्हणूनच सांगतो." मग तो ऐकत बसला. त्याला जे सांगितले, ते आपल्या घरांतल्या इतर मुलांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे लिहितो.

आखाती देशांत कामासाठी जाताना इथे रक्ततपासणी होते आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा होते. एचआयव्ही निघाला तर परत पाठवतात. त्या भीतीने मुले दुखणे लपवतात. एकटेपणा असतो, खोलीत दहा जण राहतात, सुट्टीच्या दिवशी एखादा मित्र भलतीकडे घेऊन जातो. आपण पंचशील घेतो, त्यातले तिसरे शील घरापासून दूर असतानाच जास्त आठवले पाहिजे. तरीही माणूस चुकतो, आणि चुकलाच तर निरोधाशिवाय चुकू नये. निरोध आपल्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतो. तो उन्हात किंवा पाकिटात दाबून ठेवू नये, त्यावरची तारीख पाहावी, तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. दुसऱ्याचे दाढीचे ब्लेड वापरू नये, कुठेही गोंदवून घेऊ नये. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजारही संबंधातून आणि रक्तातून पसरतो; त्याची लस आहे, ती जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

लघवीला जळजळ, पू येणे किंवा जागेवर फोड ही परमा-गरमीची लक्षणे असू शकतात. फोड आपोआप बरा झाला तरी गरमी अंगात राहते. स्टँडच्या भिंतीवर जाहिरात करणाऱ्या गुप्तरोगवाल्यांकडे न जाता डॉक्टरकडे जावे. हे आजार औषधाने बरे होतात. निरोध फाटला किंवा धोका झाला, तर एचआयव्ही टाळण्याची गोळी असते. ती 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागते.

सुट्टीवर घरी आल्यावर शंका असेल तर आधी तपासणी, मग संसार. लागण झाली असली तरी ती सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि तोवर निरोध वापरावा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. 1097 या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. एआरटीची औषधे सरकार 2004 पासून मोफत देते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. काकूंच्या वेळी यातले काहीच नव्हते. 2017 च्या कायद्याने अशा रुग्णाशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण वेगळा कप कायद्याच्या आधी आपण उचलायचा असतो.

हे सारे भाच्याच्या बायकोलाही कळावे म्हणून माझ्या पत्नीने तिला जवळ बसवून सांगितले. नवऱ्याला तपासणी करायला सांगण्याचा तिला हक्क आहे.

हा विषय घाणेरडा वाटणाऱ्यांना एक आठवण देतो. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण लोकांना हे ज्ञान मिळालेच पाहिजे या बाजूला ते उभे होते. आपण कोणत्या बाजूला आहोत?

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तुमी जे सांगतलं ना, ते मी रूमवरच्या पोराईले बी सांगतलं. त्याईले घरून कोनीच सांगतलं नोतं." ऐकून बरे वाटले. ज्यांच्या घरातला मुलगा सुरत, पुणे किंवा दुबईला निघाला आहे, त्यांनी चटणीचा डबा भरताना ही गोष्टही सांगून टाकावी. लाज दोन मिनिटे वाटते.