जागा धरली

सकाळी फोन उघडला की गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘हार मानू नका’. धामणगाव रेल्वेहून रोज अप-डाउन करणाऱ्या आम्हा मंडळींना असे संदेश काही कमी येत नाहीत. 2018 साली व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी अट घातली. ती अफवा रोखण्यासाठी होती, सुविचारवाल्यांचं तिने काहीच अडलं नाही. पण या सुविचारांनी कुणाला थंडीत अंथरुणातून उठवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. उठवतो तो पुलगावकडून आलेला निरोप : ‘जागा धरली. मांगून तिसरा डबा.’

बडनेऱ्याकडे जाणारी गाडी आधी पुलगावला लागते, मग आमच्याकडे येते. म्हणून पुलगाववाले आधी बसतात आणि शेजारच्या बाकावर रुमाल, पिशवी, नाहीतर जेवणाचा डबा ठेवतात. उभ्या प्रवाशांच्या बाजूने पाहिलं तर ही सरळसरळ दादागिरी. ‘कोणी येऊन राहिलं का इथं?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि ‘हाव, धामणगावले येते’ असं ठासून सांगावं लागतं. मनात दांडी मारायचं कितीही पक्कं झालेलं असो, तिकडे आपल्यासाठी कुणी भांडत बसलंय म्हटल्यावर पाय स्टेशनाकडे वळतातच.

वऱ्हाडी माणूस तोंडावर कौतुक करायला फार लाजतो. डब्यातली एक बाई खात्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा अपयश म्हणजे यशाची पहिली पायरी वगैरे आमच्या ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. कोर्टातल्या एका बाबूंनी लिहिलं, ‘पुढच्या खेपेले फारम भरजो. माह्या नोट्स घेऊन जाजो.’ नोट्स घ्यायला ती त्यांच्या घरी गेली आणि तिथे बाबूंच्या बायकोने तिला पोटभर जेवू घातलं. फॉर्म तर तिने भरलाच.

मला इथे आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहताना वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या. कार्पेंटरबाईंनी नुसता धीर दिला नाही. तिकडे आलात तर माझ्या घरी राहा, असं कळवलं. कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत ढासळली तेव्हा सातासमुद्रापलीकडून औषधं धाडली. ती लागू पडली नाहीत, ही गोष्ट वेगळी. 1883 साली आनंदीबाई जहाजात बसल्या त्या पलीकडे एक घर आपल्यासाठी उघडं आहे हे ठाऊक असूनच, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांची जिद्द मोठी होतीच. पण जिद्दीलाही कुणीतरी जागा धरून ठेवावी लागते, हे आपण त्यांची गोष्ट सांगताना जरा गाळूनच टाकतो.

मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या. ‘गाडी किती लेट?’ एवढ्यापुरता असलेला आमचा ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग वर्ध्याच्या एकाने कुणाच्या वडिलांच्या गोळ्यांचं पाकीट दुधाच्या गाडीतून पाठवलं, कुणी ग्रुपमधल्या एका मास्तरांना ऑनलाइन वर्ग कसा घ्यायचा ते फोनवर शिकवलं. सुविचार त्या दिवसांतही येतच होते म्हणा. गाड्या सुरू झाल्या, पण मासिक पास मात्र बरेच उशिरा मिळू लागले. तोवर निम्म्यांनी मोटरसायकली घेतल्या होत्या.

आता डब्यात नवी पोरं आहेत. एक स्पर्धा परीक्षेवाली मुलगी अमरावतीला क्लासला जाते. तिने संकोचून ग्रुपवर लिहिलं, ‘काका, माझ्यासाठी रोज कशाला भांडता?’ पुलगावहून उत्तर आलं, ‘उद्यापासून भाजी जास्त आणजो.’ ती आणते. तिच्या आईच्या हातची वांग्याची भाजी मालखेड स्टेशन यायच्या आतच संपते.