एक्स्पी, आजी आणि ३९ मिनिटं

शनिवार. ऐरोलीत आयटीच्या पाट्या टाकणाऱ्या आमच्यासारख्यांचा झोपेचा हक्काचा दिवस! पण सकाळीच बाबा उशाशी हजर. हातात दोन सीडी. "ऊठ, ह्या उघडून दे. लग्नाला महिना राहिलाय."

लग्न आत्येबहिणीचं. आणि सीडीत होते आजीचे धवले. आम्ही घणसोलीचे आगरी. आमच्यात लग्नाच्या एकेका विधीला धवलारीण गाणी म्हणते. आजी धवलारीण होती, सगळं तोंडपाठ. तेव्हा बाबांचं लग्नपत्रिका आणि टायपिंगचं छोटं दुकान होतं. २००७ मध्ये त्यांनी आजीला समोर बसवून धवले टाईप करून घेतले. २०१० मध्ये आजी गेली.

फाइल उघडली, तर नुसती रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं! "व्हायरस लागला काय रे?" बाबांचा चेहराच उतरला.

व्हायरस नव्हता. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, त्यात 'क'ला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवायचे. फॉन्ट गेला की मराठी गायब. फॉन्ट होता दुसऱ्या सीडीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याचा इन्स्टॉलर निघाला १६ बिटचा. ६४ बिटचं विंडोज असले प्रोग्रॅम चालवतच नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकायची परवानगी नाही. उरला माळ्यावरचा २००८ चा लॅपटॉप. त्यावर कॉलेजात असताना मीच हौसेने ६४ बिटचं विंडोज ७ टाकलेलं. आता ते पुसून मूळचं एक्स्पी चढवायचं. लोक पुढे जातात, आम्ही मागे!

एक्स्पी आलं २००१ मध्ये, त्याचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. म्हणून पहिला नियम : या मशीनला इंटरनेट दाखवायचंच नाही.

सीडी टाकली, रीस्टार्ट केलं आणि थेट निळी स्क्रीन. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जेवणात लक्ष लागेना. मग ट्यूब पेटली. एक्स्पीच्या सीडीत साटा हार्ड डिस्कच्या एएचसीआय मोडसाठी ड्रायव्हरच नसतो! बायॉसमध्ये जाऊन तो मोड 'आयडीई' केला आणि सेटअप धावायला लागला. लायसन्ससाठी एफ ८, मग पार्टिशन, मग फॉरमॅट. प्रॉडक्ट की लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर, अर्धी पुसलेली. बाबांनी मोबाइलच्या उजेडात २५ अक्षरं वाचली. बी की आठ, यावर आमचं सॉलिड भांडण झालं. (आठ होता. बाबा बरोबर.)

'३९ मिनिटं बाकी' असं दिसल्यावर बाबा खुर्ची ओढून बसले. "दुकानात पण हेच यायचं. आणि तासभर लागायचा," म्हणाले. त्या तासाभरात ते आजीबद्दल जेवढं बोलले, तेवढं इतक्या वर्षांत बोलले नव्हते. टाईप करताना बाबा मागे पडले, की ती "गाणं काय थांबतं का तुझ्यासाठी?" म्हणून ओरडायची म्हणे.

हिरवी टेकडी, निळं आकाश. सॉफ्टवेअर टाकलं, फाइल उघडली. आणि अक्षरं आली! बाबा हळूच गुणगुणायला लागले. शेवटच्या पानावर मात्र अडखळले. हळदीचा धवला अर्धाच होता. खाली त्यांनीच टाईप केलेलं : 'पुढचं आईला विचारणे.'

विचारायचं राहून गेलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं स्क्रीनकडे बघत राहिले. मी आत्याला फोन लावला. तिलाही पुढच्या दोनच ओळी आठवल्या.

रविवारी बाबा वाचत गेले आणि मी नव्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये उतरवत गेलो. आत्याच्या दोन ओळीही घातल्या. तीन कॉप्या केल्या, शिवाय कागदावर एक प्रिंट.

तुमच्या घरातही अशी एखादी सीडी असेल. या वीकेन्डला उघडून बघा. आणि ज्यांनी सांगितलं ते घरात असतील, तर लॅपटॉपच्या आधी त्यांच्यापाशी बसा.